मनीचा कान

“...ते राहू दे, सर. चालायला हवं की नको, तेवढंच सांगा.”

विश्वजित पुण्याहून गडहिंग्लजला एवढ्यासाठीच आला होता. मोबाईल बनवणाऱ्या कंपनीत तो आता मोठा साहेब. वेबवरची हलती चित्रं ज्यावर चालत, ते जुनं प्लगइन नव्या फोनमध्ये घ्यायचं की नाही, हे उद्या ठरणार होतं. बॅटरी खातं, फोन तापतो, म्हणून सगळे नको म्हणत होते. हा एकटा हटून बसलेला.

नेसरीकर सर सुपारी कातरत होते. “तुला कशाला हवंय?”

“आपले धडे, सर. नाहीतर ते मातीत जातील.”

खोटं नव्हतं ते. सरांच्या संगणक वर्गात, एका कळकट कॉम्प्युटरवर, दोघांनी बालवाडीच्या पोरांसाठी धडे केले होते. चित्रं हातानं काढलेली. आवाज सरांच्या बायकोचे, काकूंचे. काय दिवस होते ते. चहा गार व्हायचा, घरी जायची शुद्ध नसायची. पुढे काकू गेल्या, वर्गही बंद पडला. धडे तेवढे उरले.

सरांनी सुपारीचं एक खांड तोंडात टाकलं.

“हे बघा,” विश्वजितनं फोन पुढे केला. स्वारी जरा फुगलीच होती. “फोनवर हे चालवणं कोणाला जमत नव्हतं. मी जमवलं.”

पडद्यावर मनी मांजर झोपली होती. तेव्हा कॉम्प्युटरवर माऊसचा बाण नुसता जवळ नेला की तिचा कान हलायचा. मग एक डोळा हळूच उघडायचा आणि काकूंच्या आवाजात ती म्हणायची, “अगं बाई, कोण आलंय?” पोरं श्वास रोखून बाण पुढे सरकवायची. सगळी मजा त्यातच होती.

सरांनी अडकित्ता खाली ठेवला. बोट काचेजवळ नेलं. टेकवलं नाही, तसंच धरून ठेवलं...

कान हलला नाही.

“टेकवा की, सर. फोनला जवळ आलेलं कळत नाही. टेकवलं तरच कळतं.”

“हं.”

बोट तिथंच. विश्वजितला काही राहवेना. त्यानं स्वतःच टिचकी मारली.

मनी ताडकन उठली. “अगं बाई, कोण आलंय?”

काकूंचा आवाज त्या घरात किती वर्षांनी आला होता. विश्वजितचे डोळे भरून आले. सरांनीही धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले.

“बघा, चालतंय की नाही?” विश्वजित म्हणाला. “आता सांगा, सर. उद्या काय बोलू?”

सरांनी त्याचा फोन धरलेला हात हलकेच मागे सारला.

“दचकली रे ती,” ते म्हणाले. “अशी कधी दचकायची नाही. झोपू दे आता तिला.”