लगोरीचा अर्धा डाव

आमच्या कोळवडीच्या पोरांनी एका इनामदाराला लगोरी शिकवली, ती अशी.

भुजंगराव इनामदारांना देवळामागचं मैदान घोड्यांच्या पागेसाठी हवं होतं. गावकरी हात जोडून आले, तेव्हा आपल्या नेमबाजीच्या गुर्मीत ते म्हणाले, "पोरांच्याच खेळात, पोरांच्याच नियमांनी जिंकून घेतो. मग तर झालं?"

दुसऱ्या दिवशी सारं गाव जमलं. पोरांनी सात चपट्या दगडांची लगोरी लावली. इनामदारांनी चेंडू फेकला आणि एका फटक्यात सातही दगड उधळले. "मैदान आमचं!" म्हणत ते घोड्याकडे वळले.

तेवढ्यात तुळसा, धनगराची दहा वर्षांची पोर, चेंडू उचलून म्हणाली, "सरकार, डाव अर्धाच झाला. फोडली की परत लावायची. तोवर आम्ही चेंडूनं टिपणार."

आता साऱ्या गावासमोर वाकायचं? इनामदारांनी शेजारच्या हुजऱ्याला खूण केली. "हैबती, लाव रे ती."

"लावू द्या की," तुळसा म्हणाली. "पण लावेल तो जिंकतो. मैदान मग हैबतीकाकांचं."

हैबती लगबगीनं पुढं झाला. "सरकार, लावू?"

"थांब!" इनामदार कडाडले. "पोरी, एका फटक्यात सात दगड पाडले, ते दिसलं नाही?"

"दिसलं की. तेवढे तर आमची शेळीही रोज पाडते. पण तिला लावता येत नाही, म्हणून मैदान अजून आमच्याकडं आहे."

इनामदार घोड्यावर बसले ते थेट वाड्यावर.

मैदान आजही पोरांचंच आहे. आणि त्या दिवसापासून त्या शेळीला सारं गाव 'सरकार' म्हणू लागलं.