मीठ-मोहरीची मूठ

एका राज्यात दोन मुलूख सुखाने नांदत होते, वर डोंगरपट्टी आणि खाली खारपट्टी. वरून नदी, मध आणि मोहरी खाली येई. खालून मीठ आणि सुकी मासळी वर जाई. लेकीही अशाच दिल्या-घेतल्या जात. राजा अजेयवर्मा समुद्राकाठी राही. बारा वर्षे त्याने डोंगराचे लाकूड नेऊन महाल बांधले, पण घाटाची एक पायरी चढला नाही. दरड कोसळून डोंगरातले गाव गाडले गेले, तेव्हाही दरबारात नाच चालू होता. मग डोंगरपट्टीचा नाईक हैबती चिडला यात नवल काय? चिडायलाच हवे होते. पण चिडून त्याने आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

नाईक म्हणाला, "आम्ही वेगळे होतो."

राजा म्हणाला, "खुशाल व्हा."

झाले, दोन वाक्यांत राज्य मोडले. ज्यांचे संसार मोडणार त्यांना कुत्र्यानेही विचारले नाही. आणि वाटणी करायला बोलावले कोणाला, तर मांत्रिक कालाक्षाला, ज्याची या भरल्या राज्यावर कधीचीच वाईट नजर होती. त्याने घाटाच्या मध्यावर काठीने रेघ ओढली आणि सांगितले, "जे ही रेघ ओलांडेल ते दगड होईल." नदी रेघेपाशी आली आणि दगड झाली. खालच्या विहिरी खाऱ्या झाल्या, वरची भाकरी अळणी झाली. मांत्रिक रेघेवर बसून गंमत बघू लागला.

डोंगरपट्टीत तुळाई नावाची सुईण होती. तिची लेक सोनकी खारपट्टीत दिलेली, नववा महिना लागलेला. पहिले बाळंतपण माहेरी, ही दोन्हीकडची रीत. सोनकी घाट चढून आली ती रेघेशीच अडली. आई अलीकडे, लेक पलीकडे, मध्ये चार बोटांचे अंतर. तुळाईने शेकडो पोरे आपल्या हातांवर झेलली, आणि स्वतःच्या लेकीला हात लावता येईना. मला तर सांगतानाही संताप येतो.

रेघेवर एका टिटवीचे घरटे होते. दोन अंडी अलीकडे, दोन पलीकडे, आणि पलीकडची दगड झालेली. टिटवी बोलली, "तुळाई, ही रेघ नव्हे, राज्याला लागलेली दृष्ट आहे. तिला उतारा एकच. मोहरी नाइकाच्या हातची हवी, मीठ राजाच्या हातचे हवे, आणि दोन्ही एका मुठीत यायला हवे."

तुळाई नाइकाकडे गेली. नाईक म्हणाला, "आधी राजाने नमावे."

"तुमचा राग खरा आहे, नाईक. पण तो गिळायला माझ्या लेकीला का लावता?"

नाइकाने आपल्या हाताने मोहरी दिली आणि तिच्या मागोमाग चालू लागला.

तिकडे सोनकी पोट सावरत घाट उतरली आणि राजाकडे मीठ मागायला दरबारात उभी राहिली. राजा म्हणाला, "फुटून ते गेले."

"महाराज, घरातला माणूस रुसून गेला, तर तो का रुसला हे घरधन्याने बघायचे असते. तुम्ही बारा वर्षांत एकदा तरी घाट चढलात?"

राजाने मिठागरात वाकून स्वतः मीठ उचलले आणि आयुष्यात पहिल्यांदा घाट चढला. त्याला धाप लागली, ते बरेच झाले.

राजासोबत रेघेशी पोचताच सोनकीच्या पोटात कळा सुरू झाल्या. आता वाट बघायला वेळ नव्हता. तुळाईने मोहरीचा तळवा सरळ रेघेपलीकडे धरला. कालाक्ष हसला. तिची बोटे टोकांपासून दगड होऊ लागली. राजाने घाईने तळव्यावर मीठ ठेवले, पण दगडी बोटे मिटेनात.

"बघता काय," तुळाई ओरडली, "मूठ मिटा."

राजाने पलीकडून हात घातला, नाइकाने अलीकडून. दोघांचीही बोटे गार पडत चालली, पण कोणी हात काढला नाही. दोघांनी मिळून ती मूठ मिटली, तुळाईच्या हातासकट तीनदा राज्यावरून ओवाळली आणि तिने बाळंतपणासाठी पेटवून आणलेल्या शेगडीत रिकामी केली.

मोहरी अशी तडतडली की दरी दणाणली. रेघ पुसली गेली, नदी वाहू लागली, टिटवीची अंडी उबदार झाली. कालाक्ष मात्र बसल्या जागी धोंडा झाला. अजून वाटसरू त्यावर पाय देऊन चपलेतले खडे झाडतात.

सोनकीला माहेरी मुलगी झाली. राजाने चार महिने डोंगरात राहून दरबार भरवायचा आणि नाइकाला विचारल्याशिवाय डोंगराचे झाड तोडायचे नाही, असे दोघांनी ठरवले. तुळाईचा हात सुटला, पण दोन बोटे दगडाचीच राहिली. राजाने विचारले, "तुला काय देऊ?"

नात मांडीवर घेऊन तुळाईने ती दोन बोटे त्याच्यापुढे धरली.

"काही नको, महाराज. पुन्हा कधी रेघ ओढावीशी वाटली, तुम्हाला किंवा नाइकांना, तर एवढेच आधी विचारा, की कोणाची लेक कुठे दिली आहे."