मार्डलबरीच्या विहिरीवरची हाक

इंग्लंडातल्या मार्डलबरी गावी बाजारचौकाच्या मधोमध एक विहीर आहे. कठडा जुना, झिजलेला, आणि वर दोर मात्र नवाकोरा. पाणी कधीच आटलंय, मग दोर कशाला? गाव दाखवणारा म्हातारा माझ्याच वयाचा, तिरसट. म्हणाला, "आधी ते फोटो थांबवा, मग सांगतो." त्याचं बोलणं जावई मला मराठीत करून देत होता.

तीनशे वर्षांपूर्वी म्हणे इथे टोबायस नावाचा मासे विकणारा होता. आवाज असा, की वेशीवरचं गिऱ्हाईक मागे वळावं. दर बुधवारी तो विहिरीला खेटूनच बसायचा, कारण विहीर त्याची आरोळी घुमवून परत द्यायची. मासे धुवायला पाणी काढायची त्याची बायको, ॲग्नेस.

थंडीतला एक बुधवार. कठड्यावर बर्फ धरलेलं. ॲग्नेस घसरली आणि आत गेली. टोबायसची विहिरीकडे पाठ होती, बाकीचे आपापल्या मालात. ती बादलीच्या साखळीला लटकून हाका मारत राहिली.

शेजारची लोणीवाली म्हणाली, "अरे, विहिरीतून कोण ओरडतंय?"

"मीच की! तुझ्या लोण्याला आहे का असा आवाज?" म्हणत त्याने आणखी मोठी आरोळी ठोकली.

मी त्याला नावं ठेवणार नाही. ओतूरच्या बाजारात चाळीस वर्षं मीही असाच ओरडून कांदे विकले. दुसऱ्याचं ऐकत बसलं की माल पडून राहतो.

बाजार उठला तेव्हा हाका थांबल्या होत्या. आवरायच्या वेळीच ही कुठे उलथली, म्हणून टोबायसने शिव्या घातल्या. मग हात धुवायला साखळी ओढली. जड लागली. तिची बोटं साखळीवरून सोडवायला दोन माणसं लागली, असं सांगतात.

पुढे तो कधीच बोलला नाही. दर बुधवारी विहिरीला कान लावून बसायचा. मरताना तेवढं तोंड उघडलं म्हणे, "आधी दोर सोडा. आवाज कुणाचा ते मग बघा."

आजही बुधवारी बाराची घंटा झाली की अख्खा बाजार गप्प होतो. सगळ्यांत मोठ्या आवाजाचा विक्रेता विहिरीत वाकून विचारतो, "खाली कोण आहे?" खालून तेच परत येतं. आपलाच आवाज, शेंबड्या पोरालाही कळतं. तरी दोर तळापर्यंत सोडतात, आणि तो रिकामा वर येईपर्यंत कुणी बोलत नाही. मीही बोललो नाही.