शेजारच्या पेठेचे पेढे

फुटबॉलच्या फायनलच्या आदल्या दिवशी कोल्हापूरच्या एका तालमीच्या कट्ट्यावर वाद पेटला होता. तालमीच्या संघाचा फॉरवर्ड सर्जेराव बुचडे गोल मारण्यात वाघ, पण डोकं तापट. सेमीफायनलला तो रेफ्रीच्याच अंगावर धावून गेला होता. तालमीचे अध्यक्ष दिनकरराव इंगवले मिशीवर ताव देत म्हणाले, "असा कोण मोठा लागून गेलाय? उद्या बाहेर बसेल. कुणाला काय फरक पडतोय?"

पोरं हिरमुसली. त्यांच्यातला आनंदा कुरणे मात्र सायकलवर टांग टाकून निघून गेला आणि पेढ्यांचा पुडा घेऊन परतला. पहिला पेढा त्यानं अध्यक्षांच्या हातावर ठेवला.

अध्यक्षांनी तो तोंडात टाकला. "झकास आहे. कशाबद्दल रे?"

"सर्जाला बाहेर बसवल्याबद्दल. उद्या ज्यांच्याशी गाठ आहे, त्या पेठेत तुमचा निकाल सांगून आलो. कुणाला फरक पडतोय ते बघायचं होतं. चौकात पेढे वाटायला लागलेत, आणि तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

अध्यक्षांना पेढा गिळवेना आणि सगळ्यांदेखत थुंकताही येईना. शेवटी पाणी मागून त्यांनी तो कसाबसा उतरवला.

"सर्जाला म्हणावं उद्या वेळेवर ये," ते पुटपुटले, "आणि राहिलेले पेढे त्यांचे त्यांना देऊन ये."