रुतलेल्या जीपमध्ये कोण बसणार?

परदेशात शिकून डोंगरावरच्या दवाखान्यात परतलेल्या डॉक्टर ऋजुताला वाटलं होतं, रुग्णांच्या जीपला चिखलातून दोराने ओढून काढणारी दमदार विंच येईल. आली ती खेळण्यासारखी, वर झेंडूची माळ.

"जीप दोन टनांची, विंचही दोन टनांची. आणखी काय हवं, डॉक्टरीणबाई?" दवाखान्याच्या समितीचे अध्यक्ष आबासाहेब म्हणाले.

"चिखलात रुतलेल्या जीपला दुप्पट जोर लागतो."

"तिकडचं शहाणपण इथं नको. नारळ फोडा."

ऋजुताच्या अंगाचा तिळपापड झाला. "फोडू. आधी जीप ओढ्याच्या उतारावर रुतवू. आत तुम्ही बसा, विंच तुम्हाला वर ओढील."

आबासाहेबांनी खाली ओढ्याकडे पाहिलं. "मी कशाला बसू?"

"मग बाळंतिणीला कशाला बसवता?"

नारळ कोणीच उचलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुताने स्वतः विंच काढून दुकानाची वाट धरली. चार टनांची घेतल्याशिवाय डोंगर चढायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं.