धोंडबा घुबडाची हाक

माणसांनी गावे वसवली त्याच्याही आधी एका चिंचेच्या ढोलीत धोंडबा घुबड राहत होता. दिवस मावळला की शिकारीला निघताना तो बायकोला 'निघालो गं' म्हणून एक घुत्कार देई. त्यात दुसरे काही नव्हते.

पण मोर म्हणाला, "हा माझ्या नाचाची हुर्यो उडवतो." कावळा म्हणाला, "हा कोणाचं तरी मरण सांगतो." पंच म्हणून बसलेल्या बगळ्याने निकाल दिला, की पुन्हा आवाज आला तर धोंडबाने ढोली सोडावी. धोंडबाने चोच मिटली.

तिसऱ्या संध्याकाळी मोर तणतणत आला. "माझा नाच हुर्योच्याही लायकीचा नाही का रे?"

कावळ्याची तर झोप उडाली होती. "गप्प आहेस म्हणजे मरण माझंच दिसतंय. लपवू नकोस."

एवढ्यात ढोलीतून बायको कडाडली, "तीन दिवस न सांगता बाहेर पडताय. जाता कुठे, ते कळू द्या मला."

धोंडबाने बगळ्याकडे पाहिले. बगळा म्हणाला, "बाबा, ओरड एकदाचा."

धोंडबाने घुत्कार दिला. मोर चिडला, कावळा घाबरला, आणि सगळे रान निवांत झोपले.