कुत्र्यांच्या घराची सपाट फरशी

फार फार पूर्वी, कुठल्याशा राज्यात, एका डोंगराच्या उतरणीवर एक गाव होतं. राज्याचं नाव विचारू नका, मला ठाऊक नाही, आणि राजा या गोष्टीत येतही नाही. येतात ती कुत्री, आणि त्यांच्यावर पोटच्या पोरांसारखी माया करणारा एक माणूस. एवढी माया असून त्याने काय केलं ते ऐका, मुलांनो. मोठ्यांनीही कान इकडे करावेत, कारण ही चूक मुलं सहसा करत नाहीत.

गाव सगळं उतारावर. अंगणात ठेवलेला भोपळा सुटला, तर तो थेट खालच्या आळीत जाऊन थांबायचा. फार आधी तिथली घरंही अशीच खचायची, एका बाजूला कलायची. म्हणून कुणा शहाण्या पूर्वजाने एक रीत घालून दिली. घर बांधून झालं की जमिनीच्या मधोमध पितळी परात ठेवायची, ती पाण्याने काठोकाठ भरायची आणि गावच्या जाणत्यांनी भोवती बसून बघायचं. पाणी चहूकडून काठाला सारखं टेकलं तर जमीन सरळ आणि पाया पक्का. एका अंगाने सांडलं तर घर उकला आणि पुन्हा बांधा. ‘पाणी ठरलं की घर ठरलं,’ असं त्या गावात म्हणत.

रीत चांगली होती, तिच्यामुळे घरं टिकली. पण रीत म्हातारी झाली की लोक तिचं कारण विसरतात आणि तिचा तोरा तेवढा लक्षात ठेवतात. पुढे पुढे जमीन वाकडी निघालेल्या घरात कुणी मुलगी देईना. भांडणात शिवी द्यायची झाली तरी, ‘तुझ्या बापाची परात सांडली होती,’ अशी द्यायचे. ज्याची परात ठरली तो माणूस सरळ, असं समीकरणच होऊन बसलं.

त्या गावात जिवबा नावाचा एक गृहस्थ होता. तो आणि त्याची बायको ठकूबाई राखणीची कुत्री पाळत. डोंगरापलीकडच्या कुरणांवर मेंढ्या चरत आणि तिथे लांडग्यांचा सुळसुळाट होता. दर हिवाळ्याच्या तोंडाशी मेंढपाळ जिवबाच्या दारात येऊन कुत्री घेऊन जात. जिवबाचं कुत्रं कळपाबरोबर असलं की मेंढपाळाला निवांत झोप लागे. नवरा-बायकोला मूलबाळ नव्हतं. घरात पहिली भाकरी कुत्र्यांची व्हायची. त्यातही वाघी नावाची एक पिवळी कुत्री जिवबाच्या काळजाचा तुकडा होती. निम्मीअधिक कुत्री तिच्याच पोटची होती.

कुत्री घरामागच्या उतारावर राहत. बोरीच्या झाडांखाली त्यांना गवताची खोपटं होती. गळकी, वेडीवाकडी, एका बाजूला झुकलेली. पण पाणी पडलं की खाली वाहून जाई आणि ऊन पडलं की जमीन सुके. कुत्री ठणठणीत होती.

गावाला मात्र ती खोपटं खुपायची. स्वतः फरसबंद घरात राहतोस आणि कमावती कुत्री भिकाऱ्यासारखी ठेवतोस, असं लोक जिवबाला चिडवत. जिवबाला ते लागलं. एका उन्हाळ्यात त्याने मनावर घेतलं आणि कुत्र्यांसाठी दगडी घरं बांधायला काढली.

बांधायला बसला तेव्हा त्याचं डोकं शाबूत होतं, हे सांगितलंच पाहिजे. कुत्र्याच्या घरात सगळ्यात मोठा प्रश्न पाण्याचा, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. कुत्री मुतणार, रोज फरशी धुवावी लागणार, पावसाची झड आत येणार. हे सगळं पाणी जायचं कुठे, याचा विचार त्याने भिंतींच्या आधी केला. घरांच्या ओळीसमोरून त्याने दगडी नाली काढली. नालीला चांगला उतार दिला. परसाच्या टोकाला माणूसभर खोल खड्डा खणून त्यात खाली धोंडे, वर गोटे, त्यावर वाळू भरली, म्हणजे घाण पाणी तिथल्या तिथे जिरावं आणि खालच्या घरांना त्रास होऊ नये. मग फरशीसाठी दोरी बांधली. मागच्या भिंतीला उंच आणि नालीकडे चांगली वीतभर खाली. ठकूबाईने दोरी बघितली आणि तिचं समाधान झालं.

तेवढ्यात वाटेने गावच्या जाणत्यांचे म्हातारे प्रमुख, थोरले जाणते, चालले होते. त्यांनी कुंपणावरून आत डोकावलं, दोरीकडे बघितलं आणि हसत हसत म्हणाले, “काय जिवबा, दोरी कललीय तुझी. परातीला बोलावणार ना आम्हाला?”

एवढंच बोलून म्हातारा निघून गेला. पुढच्या वळणापर्यंत तो हे विसरलाही असेल. पण जिवबाच्या कानात ते वाक्य जे शिरलं, ते बाहेर येईना. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने दोरी सोडली आणि सरळ बांधली.

ठकूबाईने विचारलं, तेव्हा तो म्हणाला की पुढे नाली आहेच, पाणी जाईल आपसूक. ती म्हणाली, “अहो, परात एकदाच ठेवतील. कुत्री रोज मुततील.”

तिचं म्हणणं खरं आहे हे जिवबाला कळत होतं, आणि म्हणूनच तो तिच्यावर चिडला.

फरशी झाली. अशी झाली की आरशासारखी. दगड घासून घासून गुळगुळीत केले, सांधे चुन्याने असे भरले की त्यातून मुंगी आत जायची नाही. जाणते आले, मधोमध परात ठेवली, पाणी भरलं. काठाला टेकलेलं पाणी जराही हललं नाही. जाणत्यांनी माना डोलावल्या. माणसांच्या घरालाही अशी जमीन साधत नाही, असं थोरले जाणते सगळ्यांसमोर म्हणाले, आणि जिवबाचा ऊर भरून आला. त्याने कुत्र्यांना आत नेलं. बाकीची गेली. वाघी उंबऱ्यात थांबली, फरशी हुंगली आणि मागे सरली. जिवबाने तिला गळ्यातल्या पट्ट्याला धरून आत ओढलं.

मग व्हायचं तेच झालं. पाण्याला कुठे जावं हे कळेना, म्हणून ते जागच्या जागी बसलं. सांधे इतके पक्के की खाली जिरायचीही सोय नाही. ठकूबाई घागरी ओतून फरशी धुवायची आणि मूत तेवढं पातळ व्हायचं. जिवबा खराट्याने पाणी नालीकडे लोटायचा, ते थोडं पुढे सरकायचं आणि पुन्हा मागे फिरायचं. त्याची ती देखणी नाली समोर कोरडी ठणठणीत पडली होती. तिच्यात मुंग्यांनी वारूळ केलं.

पाऊस लागला आणि झड आत येऊ लागली. कुत्री दिवसच्या दिवस ओल्यात उभी. बसली तर पोट भिजे, उभी राहिली तर पंजे. पंज्यांच्या गाद्या आधी पांढऱ्या पडल्या, मग त्यांना चिरा गेल्या, मग त्यांत माश्या बसू लागल्या. अंगावरचे केस झडले. वाऱ्यासारखी पळणारी कुत्री एक एक पाय उचलून धरू लागली. जिवबा हळदीचा लेप लावायचा, कडुनिंबाच्या पाण्याने पाय धुवायचा आणि पुन्हा त्याच ओल्यात नेऊन सोडायचा. हे करताना त्याला रडू यायचं. तरी करायचा.

ठकूबाई हात जोडून म्हणाली की फरशी उकला, नाहीतर कुत्री बाहेर काढा. पण तोवर जिवबाच्या फरशीची कीर्ती झाली होती. जाणते आल्यागेल्याला ती दाखवायला आणत. पाहुणे नाकाला पदर लावून आत डोकावत आणि वाहवा करत. आता फरशी उकलायची म्हणजे आपल्याला अक्कल नव्हती हे कबूल करायचं, आणि जाणत्यांनाही नव्हती असं म्हटल्यासारखं व्हायचं. कुत्री बाहेर काढली तर लोक विचारणार, मग हे घर बांधलं कशाला? जिवबा रोज सकाळी पहार हातात घ्यायचा आणि रोज सकाळी परत ठेवायचा.

त्यातच वाघी व्याली. जिवबाने फळ्यांवर गवत अंथरलं. गवताने दिवसभरात पाणी ओढून घेतलं आणि पिल्लं भिजली. वाघी त्यांना तोंडात धरून या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊ लागली. चारही कोपरे सारखेच ओले होते, जमीनच तेवढी सपाट होती.

त्या काळी जनावरं माणसाशी बोलत, पण उगाच बोलत नसत. वाघी उभ्या आयुष्यात बोलली नव्हती. त्या दिवशी ती सुजलेल्या पायांवर जिवबाजवळ आली आणि म्हणाली, “धनी, मला दगडी घर नको. बोरीखाली थोडी उताराची जागा द्या. पिल्लांना कोरडं लागतं.”

जिवबा पिल्लं आणायला उठलाही. पण दुसऱ्या दिवशी शेजारच्या खोऱ्यातले मानकरी खास फरशी बघायला येणार होते. सगळी कुत्री आपापल्या जागी असावीत, असा जाणत्यांचा निरोप होता. जिवबा तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, “एवढा उद्याचा दिवस काढ, वाघी. परवा सकाळी पहिलं काम हेच.”

वाघी परत गेली. मानकरी आले, त्यांनी फरशी बघितली, परातीची गोष्ट ऐकली आणि जेवून गेले. परवाची सकाळ उजाडली तेव्हा पिल्लं गारठून मेली होती. वाघी त्यांच्याभोवती वेटोळं करून बसली होती. तिला हलवलं तर ती गुरगुरली. जिवबावर ती जन्मात कधी गुरगुरली नव्हती. संध्याकाळपर्यंत तीही गेली.

तेव्हा मात्र जिवबाने पहार उचलली. एकट्याने सगळी फरशी उकलली. मदतीला आलेल्यांना त्याने हात लावू दिला नाही. मागच्या बाजूला माती चढवली, दगड पुन्हा बसवले, जमीन नालीकडे वीतभर उतरती केली. गाव आता थुंकेल, अशी त्याने मनाची तयारी केली होती. खरं तर थुंकलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

थोरले जाणते वाटेने जाताना कुंपणापाशी थांबले. आत बघून म्हणाले, “उतार दिलास होय? बरं केलंस. कुत्र्यांच्या घराला उतारच हवा.”

जिवबाने चाचरत विचारलं, “आणि परात?”

“परात माणसांच्या घराला, जिवबा. मी त्या दिवशी गंमत केली. तू घर सरळ बांधलंस, बोलावलंस, म्हणून आम्ही आलो. तू नुसतं म्हणाला असतास, की पाणी जायला उतार ठेवलाय, तर आम्ही काय तुला खाल्लं असतं?”

म्हातारा काठी टेकत पुढे गेला. जिवबा हातात पहार घेऊन तिथेच उभा राहिला. ज्या भीतीपायी त्याने सगळं केलं, ती भीती दुसऱ्या कुणाच्या घरी राहतच नव्हती. ती त्याच्या एकट्याच्या घरात होती, आणि तिला त्याने वाघीहून जास्त खाऊ घातलं होतं.

उरलेली कुत्री कोरड्या फरशीवर आली, पण विष आता पायांतून अंगात भिनलं होतं. आश्विन संपायच्या आत एकामागून एक सगळी गेली. ठकूबाई जिवबाला एका शब्दाने बोलली नाही. रोजची पहिली भाकरी तिच्या हाताने तव्यावर पडायचीच, आणि मग ती त्या भाकरीकडे बघत बसायची.

हिवाळ्याच्या तोंडाशी मेंढपाळ आले. त्यांना रिकाम्या हाताने परतावं लागलं. राखणीशिवाय कळप कुरणांवर गेले आणि त्या वर्षी लांडग्यांनी खोऱ्यात हाहाकार केला. दूरच्या कुरणावरची, इथली हकीकत न कळलेली एक मेंढपाळीण सगळा कळप गमावून खाली आली. निदान एखादं पिल्लू तरी मिळेल, या आशेने ती परसात शिरली. अवकाळी पाऊस नुकताच पडून गेला होता. घरांतलं पाणी केव्हाच नालीत उतरलं होतं आणि नालीतून खड्ड्यात जिरलं होतं. फरशी हात फिरवला तरी कोरडी.

तिने सगळी ओळ फिरून बघितली आणि जिवबाला म्हणाली, “दादा, जागा किती छान केलीत. कुत्री कुठं आहेत?”

जिवबाने बोरीखालच्या मातीच्या ढिगांकडे बोट केलं. ती निघून गेली. पुढे कुणीतरी त्याला एक पिल्लू आणून देऊ केलं, तेही त्याने घेतलं नाही. माझ्यापाशी जीव ठेवू नका, एवढंच म्हणाला.

तात्पर्य: लोक काय म्हणतील म्हणून जिवाची सोय मोडू नये, लोक म्हणायचं ते विसरून जातात, गेलेला जीव मात्र परत येत नाही.